फिरते घर : विकत घ्यावे की भाड्याने?

लाभपंचमीला नव्या वह्यांचा मुहूर्त आटोपला, की वऱ्हाडातील व्यापारी घरांतून एक विषय हमखास निघतो. यंदा यात्रेला कोठे जायचे आणि कसे जायचे? कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो, शत्रुंजयाची वाट पुन्हा खुली होते, हवा सुखद झालेली असते. घरातील वडीलधाऱ्यांना तीर्थवंदना हवी असते, सुनांना चार दिवस मोकळीक हवी असते आणि मुलांना निव्वळ भटकंती. अलीकडे या चर्चेत एका नव्या वाहनाची भर पडली आहे. ज्यात झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय आहे, असे ‘मोटरहोम’ किंवा ‘कॅराव्हॅन’. आपण त्याला फिरते घर म्हणू.

धाकटा म्हणतो, “दादा, एकदाच पैसे घालू आणि स्वतःचे घेऊन टाकू. दरवर्षी भाडे कशाला भरायचे?” थोरला म्हणतो, “अरे, गाडी वर्षातून महिनाभर फिरणार आणि अकरा महिने अंगणात उभी राहणार.” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु रक्कम लहान नाही, आणि उत्साहाच्या भरात घेतलेले वाहन पुढे कुटुंबात कटुतेचे कारण होऊ शकते. म्हणून वाचकहो, हा निर्णय गादीवर बसून, वहीत आकडे मांडून घ्यावा, या हेतूने हा लेखप्रपंच.

कल्पना नवी नाही

घर सोबत घेऊन प्रवास करणे आपल्या समाजाला अपरिचित नाही. तेराव्या शतकात वस्तुपाल मंत्र्याने शत्रुंजय व गिरनारची संघयात्रा काढली. अशा संघांत तंबू, भांडी, धान्य, पाणी आणि वैद्य असा सारा सरंजाम बरोबर असे. संघपती ही पदवी त्या जबाबदारीची द्योतक होती. आपल्या वऱ्हाडातही छत घातलेली दमणी किंवा रेंगी जुंपून, शिधा बांधून, मुक्कामागून मुक्काम करीत माणसे यात्रेला जात. चूल रस्त्याकाठी पेटे आणि पाणी विहिरीवर गाळले जाई.

आधुनिक फिरत्या घराची एक गोष्ट व्यापाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. जर्मनीतील इस्नी या गावचे आरिस्ट डेथलेफ्स यांचा व्यवसाय चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवण्याचा. विक्रीसाठी त्यांना लांबलांबचे दौरे करावे लागत. त्यांची वाग्दत्त वधू चित्रकार होती आणि तिलाही बरोबर जायचे होते. तेव्हा त्यांनी १९३१ साली मोटारीमागे ओढायचे एक छोटे घर स्वतःच बांधले. एका फिरत्या विक्रेत्याच्या कौटुंबिक गरजेतून जर्मनीतील कॅराव्हॅनचा उद्योग असा जन्मला. गरज आधी आणि वाहन नंतर, हा त्यातील क्रम महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पुष्कळदा वाहन आधी डोळ्यांत भरते आणि गरज मागाहून शोधली जाते.

भारतात केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१० मध्ये कॅराव्हॅन व त्यांच्या तळांविषयी धोरण आखले. केरळ आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये आपापली कॅराव्हॅन पर्यटन धोरणे जाहीर केली. तरीही वीज, पाणी आणि मैला उपसण्याची सोय असलेले तळ युरोप-अमेरिकेत जसे ठिकठिकाणी आढळतात, तसे आपल्याकडे नाहीत. हा मुद्दा पुढे वारंवार येणार आहे.

आपली गरज नेमकी कोणती?

इतर पर्यटकांना फिरते घर हवे असते ते समुद्रकिनाऱ्यावर वा रानात मुक्काम करण्यासाठी. आपल्या कुटुंबांची गरज निराळी आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन, कंदमूळवर्ज्य आहार, गाळलेले वा उकळलेले पाणी हे नियम पाळणाऱ्या व्यक्तीला महामार्गावरील ढाबा निरुपयोगी असतो. हिवाळ्यात सहाच्या आत दिवस मावळतो. वाहन घाटात अडकले, तर चौविहार करणाऱ्या आजीला त्या दिवशी उपवास घडतो. गुडघे दुखणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या वृद्धांना दर दीड-दोन तासांनी स्वच्छ शौचालय लागते. स्त्रियांची तर याबाबतीत नेहमीच कुचंबणा होते. कित्येक घरांतील ज्येष्ठ मंडळी “तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी” असे म्हणतात. त्यामागे अनिच्छा नसते, याच अडचणी असतात. फिरते घर या अडचणी खरोखर दूर करीत असेल, तर त्याला चैन म्हणता येणार नाही.

परंतु येथे एक भेद करावा लागतो. आपल्या तीर्थक्षेत्री धर्मशाळा आणि भोजनशाळा आहेत. शुद्ध भोजन वेळेवर मिळते आणि खोली माफक दरात मिळते. म्हणजे फिरते घर जी सोय देते, ती तीर्थावर आधीपासूनच आहे. अडचण असते ती दोन तीर्थांच्या मधल्या रस्त्यावर. शिवाय तीर्थ बहुधा डोंगरावर. मुक्तागिरी, मांगीतुंगी, गिरनार, पालिताणा, सम्मेदशिखर यांपैकी कोठेही वाहन पायथ्याशीच थांबते. शिखरजीची नऊ कोस म्हणजे सुमारे सत्तावीस किलोमीटरची वंदना पायी करावी लागते किंवा डोलीने. तेथे फिरत्या घराचा उपयोग नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा : आपल्या प्रवासातील किती दिवस खरोखर रस्त्यावर जातात?

बडनेऱ्याहून पाहिले तर

बडनेऱ्यात राहणाऱ्याने अंतराचे तीन टप्पे डोळ्यांपुढे आणावेत.

पहिला टप्पा जवळचा. भातकुली तर शेजारीच. मुक्तागिरी परतवाड्यामार्गे दोन-अडीच तासांवर. कारंजा लाड त्याहूनही जवळ. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ अकोला-मालेगाव मार्गे सकाळी निघून रात्रीपर्यंत परतण्याजोगे. अमरावती-अकोला दरम्यान राष्ट्रीय महामार्ग ५३ चा ७५ किलोमीटरचा पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून पूर्ण झाला आणि त्याची गिनीज विक्रमात नोंद झाली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. या रस्त्यांवर घरचा डबा आणि साधी मोटार पुरेशी आहे.

दुसरा टप्पा दूरचा. शिखरजी, पावापुरी, राजगीर किंवा दक्षिणेत श्रवणबेळगोळ. हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक अंतर जड वाहनाने कापायचे, तर जाण्यात दोन-तीन आणि येण्यात दोन-तीन दिवस जातात. बडनेरा हे मुंबई-हावडा मुख्य मार्गावरील जंक्शन आहे. वृद्धांना रात्रभर आडवे होऊन जाता येते, शौचालय डब्यातच असते आणि जेवणाचा डबा घरून नेता येतो. या अंतरांसाठी रेल्वे हेच आपले सर्वांत स्वस्त फिरते घर आहे. पुढे स्थानकावरून स्थानिक वाहन करावे.

तिसरा टप्पा मधला, आणि तोच फिरत्या घराचा खरा प्रांत. निमाडातील सिद्धवरकूट, ऊन-पावागिरी आणि ८४ फुटी आदिनाथांचे बावनगजा, किंवा वेरूळची जैन लेणी, १०८ फुटी ऋषभदेवांचे मांगीतुंगी आणि नाशिकचे गजपंथा, किंवा कुंथलगिरीहून पुढे कुंभोज-बाहुबली आणि स्तवनिधी. ही ठिकाणे एका रेल्वेमार्गावर नाहीत. रोज शे-दोनशे किलोमीटर, वाटेत दोन थांबे आणि दर मुक्कामी सामानाची बांधाबांध. समृद्धी महामार्गाचा ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग जून २०२५ पासून खुला झाल्याने कारंजाहून वेरूळ-नाशिककडे जाणे सोपे झाले आहे. अशा पाच-सहा दिवसांच्या फेरीत सोबतचे स्वयंपाकघर आणि शौचालय किती मोलाचे, हे निराळे सांगायला नको.

आता वही उघडू

पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. प्रत्यक्ष दरपत्रके मागवून त्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, सहा माणसांचे फिरते घर सर्व करांसह ३० लाख रुपयांना पडले आणि दहा वर्षांनी ९ लाखांना विकले गेले. म्हणजे घट २१ लाख, दरसाल २,१०,००० रुपये. या काळात सरासरी १९,५०,००० रुपये गुंतून राहतील. त्यावर आठ टक्क्यांनी वटाव धरला, तर दरसाल १,५६,००० रुपये. विमा ६०,०००. देखभाल, टायर, बॅटऱ्या मिळून ७०,०००. सावलीत उभे करण्याच्या जागेचे २४,०००. एकूण ५,२०,००० रुपये दरसाल. गाडी एकही दिवस हलली नाही, तरी यातील बहुतेक खर्च टळत नाही.

भाड्याचे वाहन चालकासह दररोज १२,००० रुपयांना मिळते असे धरू. स्वतःच्या वाहनासाठीही चालक लागेल, त्याचे दररोज १,५०० रुपये. डिझेल व टोल दोन्हीकडे सारखेच, म्हणून ते बाजूला ठेवू. तेव्हा स्वतःचे वाहन वापरल्याने दर दिवशी १०,५०० रुपये वाचतात. ५,२०,००० ला १०,५०० ने भागले की उत्तर येते जवळपास ५०. म्हणजे दरसाल ५० दिवस वाहन प्रवासात असेल, तरच मालकी आणि भाडे समान होतात. ५० च्या पुढे मालकी फायद्याची आणि त्याखाली तोट्याची.

आता आपल्या घरातील दिवस मोजू. दसऱ्यापासून कापसाचा हंगाम, दिवाळीत हिशेब, नंतर लग्नसराई, मार्चमध्ये वर्षअखेर, चातुर्मासात प्रवासाला मर्यादा. कार्तिकी पौर्णिमेनंतर सहा दिवस, नाताळच्या सुट्टीत सात, उन्हाळ्यात आठ आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांचे चार दिवस. दुकान मागे कोणी सांभाळणारा असेल तर बेरीज २५. या २५ दिवसांसाठी मालकीचा खर्च चालकासह ५,५७,५०० रुपये होतो, भाड्याचा ३,००,०००. वर्षाला २,५७,५०० रुपयांचा फरक, दहा वर्षांत २५ लाखांहून अधिक.

तिसरा पर्यायही याच पानावर लिहावा. बारा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर चालकासह दररोज ६,००० आणि धर्मशाळेच्या तीन खोल्यांचे ३,००० असे ९,००० रुपये धरले, तर २५ दिवसांचे २,२५,००० होतात. भाड्याचे फिरते घर त्याहून दिवसाला ३,००० रुपयांनी महाग. पण ते पंचवीसही दिवस कशाला हवे? आजी-आजोबा बरोबर असलेल्या दहा दिवसांपुरतेच घेतले, तर वर्षाला जादा खर्च ३०,००० रुपये. एवढ्या रकमेत वडीलधाऱ्यांची यात्रा सुखाची होत असेल, तर ती खर्च करण्यास कोणी संकोच करू नये.

फर्मच्या नावावर घेतले तर?

हा प्रश्न व्यापारी घरात निघतोच. चालकासह तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी वाहनावरील जीएसटीची जमा सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. वाहन पुनर्विक्री, प्रवासी वाहतूक किंवा चालक प्रशिक्षण हा ज्यांचा धंदाच आहे, त्यांची गोष्ट वेगळी. आयकरातही घसारा मिळतो तो व्यवसायासाठी झालेल्या वापरापुरता. कौटुंबिक यात्रेचे वाहन व्यवसायाचे म्हणून दाखवणे हिशेबात टिकणारे नाही आणि आपल्या परंपरेतील प्रामाणिक व्यवहाराला शोभणारेही नाही. कर वाचेल या आशेवर खरेदीचा निर्णय बेतू नये.

दुसरी कल्पना अशी निघते की आपण वापरत नसू तेव्हा गाडी भाड्याने देऊ. येथे कायदा स्पष्ट आहे. खासगी वापरासाठीचे कॅम्पर वाहन बिगर-परिवहन वर्गात नोंदले जाते. त्याची पाटी पांढरी आणि अक्षरे काळी. भाड्याने द्यायचे झाल्यास परिवहन वर्गात नोंदणी, पिवळी पाटी, परवाना आणि योग्यता प्रमाणपत्र लागते. हे प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. विमाही निराळा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. याचा अर्थ, भाड्याने देणे हा स्वतंत्र धंदा आहे. तो करायचा असेल तर धंदा म्हणूनच करावा.

जुनी मिनीबस घेऊन स्थानिक कारागिराकडून पलंग-ओटा बसवून घेण्याचा मोहही टाळावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. वाहन त्यानुसार प्रमाणित आहे का आणि नोंदणी पुस्तकात वाहनाचा प्रकार काय लिहिला आहे, हे खरेदीपूर्वी स्वतः वाचून घ्यावे.

तीन घरांनी मिळून घेतले तर?

चुलत भावांनी किंवा तीन मित्र-कुटुंबांनी भागीदारीत वाहन घ्यावे, ही सूचना कागदावर आकर्षक दिसते. पंचवीस त्रिक पंचाहत्तर दिवस, म्हणजे पन्नासची मर्यादा सहज ओलांडली. परंतु तिन्ही घरांना सुट्टी एकाच वेळी असते. कार्तिकी पौर्णिमेनंतरचा आठवडा एकच आहे, नाताळ एकच आहे, शाळांची सुट्टी एकच आहे. तिघांनाही गाडी हवी त्याच दिवशी हवी, आणि उरलेल्या दिवशी कोणालाच नको. बेरजेतील पंचाहत्तर दिवस प्रत्यक्षात तीस-पस्तीसच्या पुढे जाणे कठीण.

मालक एक आणि वापरणारा दुसरा असला म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरला जाणारी शकुंतला ही अरुंदमापी गाडी आपल्या पिढ्यांनी पाहिली. लोहमार्ग ब्रिटिश काळापासून खासगी कंपनीचा आणि गाड्या चालवणारी भारतीय रेल्वे. मार्ग जीर्ण होत गेला, वेग मंदावत गेला, शेवटी गाडीच थांबली. तेव्हा भागीदारी करायचीच असेल, तर दुरुस्ती कोणी करायची, ओरखडा कोणाच्या खात्यावर, सुट्टीचे आठवडे आळीपाळीने कसे वाटायचे आणि एखाद्याला बाहेर पडायचे झाल्यास त्याचा हिस्सा कोणत्या किमतीला घ्यायचा, हे सारे पहिल्याच दिवशी लिहून सह्या कराव्यात. सख्ख्या भावांनीही हे लिहून ठेवण्यात कमीपणा मानू नये.

पाणी, वीज आणि मैला

विक्रेता गादीची मऊ उशी दाखवतो. आपण टाक्या पाहाव्यात. सहा माणसांना हात-तोंड धुणे, स्वयंपाक व पिणे मिळून माणशी वीस लिटर धरले, तर दिवसाला १२० लिटर पाणी लागते. तेवढेच १२० किलो वजन गाडीवर चढते. ते पाणी कोठून भरायचे, कोण गाळणार? पाणी गाळून जिवाणी त्याच जलाशयात पोहोचवण्याचा नियम ज्या घरात आहे, त्यांना टाकीचे पाणी पिण्यास चालणार नाही. त्यांनी पिण्याच्या पाण्याची व्यवस्था स्वतंत्रच ठेवावी.

विजेचेही गणित करावे. वातानुकूलन यंत्र सरासरी ८०० वॉट घेते असे धरले, तरी आठ तासांत ६.४ युनिट लागतात. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासाची साधी बॅटरी पूर्ण भरलेली असताना २.४ युनिट साठवते आणि तिचे आयुष्य राखायचे तर त्यातील निम्मीच वापरावी. म्हणजे एका रात्रीसाठी पाच-सहा बॅटऱ्या. त्या नसतील तर बाहेरून वीज हवी किंवा जनित्र. धर्मशाळेच्या आवारात रात्रभर जनित्राची घरघर कोणाला आवडेल? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या पत्र्याच्या गाडीत राहणे किती कठीण, याचा विचार उन्हाळी सुट्टीचा बेत आखताना अवश्य करावा.

सर्वांत नाजूक प्रश्न मैल्याचा. शौचालयाची टाकी एक-दोन दिवसांत भरते. ती ओतायची कोठे? ओढ्यात, शेताच्या बांधावर किंवा तीर्थाच्या पायथ्याशी ती रिकामी करणे हा अपराध तर आहेच, पण पाच समितींपैकी उत्सर्ग समितीचा जो आशय आपण प्रवचनांतून ऐकतो, त्यालाही ते सोडून आहे. मलमूत्राचे विसर्जनही जीवजंतूंची दया राखून, योग्य जागी करावे, हा विचार ज्या परंपरेत आहे, तिच्या अनुयायांनी निघण्यापूर्वीच हे ठरवावे. धर्मशाळेच्या व्यवस्थापकांना आधी दूरध्वनी करून शौचकुंडात टाकी रिकामी करण्याची परवानगी घ्यावी आणि त्याबद्दल योग्य ती रक्कम द्यावी.

सुरक्षितता

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून पंचवीस प्रवाशांचा मृत्यू झाला, ही वेदना आपल्या भागात अजून ताजी आहे. बंद वाहनात आग लागली तर बाहेर पडण्यास अवधी फार थोडा मिळतो. फिरत्या घरात तर त्यात गॅस, बॅटऱ्या, पडदे आणि गाद्या यांची भर असते. दुसरे दार किंवा आपत्कालीन खिडकी आतून उघडते का, हे प्रत्यक्ष उघडून पाहावे. अग्निशामक नळकांडे दाराजवळ असावे आणि त्याची मुदत तपासावी. वाहन चालू असताना चूल पेटवू नये. पलंगावर झोपून प्रवास करू नये. सर्वांनी आसनावर बसून पट्टा बांधावा, वृद्धांनीही. रात्रीचा प्रवास टाळावा. आपल्याला तो टाळणे कठीण नाही, कारण सूर्यास्तापूर्वी भोजनासाठी थांबणारे कुटुंब तेथेच मुक्काम करू शकते.

गाडीची उंची आणि लांबीही लक्षात घ्यावी. सुमारे तीन मीटर उंचीचे वाहन महामार्गावर डौलात चालते, पण बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतील गल्लीत किंवा कारंजाच्या जुन्या पेठेत शिरताना छज्जे, तारा आणि फांद्या आडव्या येतात. खरेदी करणाऱ्याने प्रथम विचारावे, ही गाडी माझ्या दारापर्यंत तरी येईल काय?

भाड्याने घेताना

भाड्याच्या वाहनाविषयी आपल्या घरातील मोठा आक्षेप असा असतो, की आधीच्या प्रवाशांनी त्या ओट्यावर काय शिजवले असेल कोण जाणे. आक्षेप रास्त आहे, आणि खरेदीच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दाही हाच. पण त्यावर उपाय आहे. आपली भांडी, आपली इंडक्शन शेगडी, गाळणे आणि पाण्याचे पिंप घरून न्यावे. ओट्यावर स्वच्छ पत्रा अंथरावा आणि शीतकपाट वापरूच नये. केवळ शाकाहारी प्रवाशांना वाहन देणारा कोणी मिळाला, तर दोन पैसे अधिक देण्यास हरकत नाही.

करार करताना पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात. पाटी पिवळी आहे का आणि जाणार त्या राज्यांचा परवाना व कर भरलेला आहे का? दररोज किती किलोमीटरपर्यंतचे भाडे ठरले, पुढचा दर काय? जनित्राचे डिझेल कोणाचे? चालक रात्री कोठे झोपणार आणि जेवणार? वाटेत बिघाड झाल्यास किती तासांत दुसरे वाहन मिळेल? अनामत रक्कम किती दिवसांत परत? वाहन ताब्यात घेताना आतून-बाहेरून चित्रफीत काढून ठेवावी, म्हणजे परत करताना वाद होत नाही.

पहिला प्रवास लांबचा नसावा. दोन रात्रींसाठी वाहन घ्यावे, कारंजा आणि शिरपूर करून परत यावे. आजीला पायरी चढता येते का, शौचालयाचे दार तिला एकटीने लावता येते का, सहा माणसे एकाच वेळी उठल्यावर काय घडते, आणि ओट्याशी उभी राहणारी व्यक्ती सुट्टीतही तेच काम करीत राहते का, हे दोन दिवसांत कळते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सुनांनाच विचारावे. घर बरोबर नेले म्हणजे घरकामही बरोबर येते. ते कोणी कसे वाटून घ्यायचे, हे ठरले नाही तर एकाची यात्रा ही दुसऱ्याची चाकरी होते.

मग निर्णय काय?

ज्यांचे व्यवसाय पुढच्या पिढीने हाती घेतले आहेत, जे वर्षातून दोन महिने निश्चिंतपणे फिरू शकतात, ज्यांच्याकडे मोठे आवार आहे आणि ज्यांना दीर्घ आजारामुळे वा नियमांमुळे बाहेरचे काहीच चालत नाही, अशा कुटुंबांनी खरेदीचा विचार जरूर करावा. तोही एक-दोन वर्षे भाड्याचा अनुभव घेतल्यानंतर. वापर किती झाला, याची नोंद वहीत ठेवावी. दोन वर्षे सलग पन्नास दिवस भरले, तर वही स्वतःच उत्तर देईल.

इतर बहुसंख्य कुटुंबांसाठी क्रम असा असावा : जवळच्या तीर्थाला आपली मोटार, दूरच्या यात्रेला रेल्वे, आणि मधल्या फेरीला, विशेषतः वृद्ध बरोबर असतील तेव्हा, भाड्याचे फिरते घर. परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत ज्यांनी घेतले आहे, त्यांना तर यात आणखी एक समाधान आहे. वस्तूचा उपयोग झाला, पण तिची राखण मागे लागली नाही. आणि जी रक्कम वाचेल, तिच्यातील काही भाग ज्या धर्मशाळांनी आपल्या तीन पिढ्यांना आसरा दिला, त्यांच्या दुरुस्तीला, रॅम्पला, तळमजल्यावरील एखाद्या सोयीच्या शौचालयाला दिला, तर ज्यांना कोणतेच फिरते घर परवडत नाही, त्यांच्याही आजी-आजोबांची यात्रा सुकर होईल.

तोवर या हिवाळ्यापुरते एवढे करावे. घरातील ज्येष्ठांना शेजारी बसवावे, त्यांना कोठे जायचे आहे ते विचारावे, आणि त्या एका प्रवासाचा हिशेब तिन्ही पर्यायांनी एकाच पानावर मांडावा. वाहन कोणते घ्यायचे, हे त्यानंतर ठरवावे.